मनकवड्याचा अखेरचा मुक्काम

२००९ साल आणि २०१० चा जानेवारी, एवढ्या थोड्या अवधीत दोन मनकवडे आपापल्या वाचकांचा निरोप घेऊन गेले. एक अमेरिकन, दुसरा कराचीचा. अ‍ॅलन डीन फॉस्टर या लेखकाने १९७२ साली 'द टार-आयम क्रांग' या आपल्या पहिल्याच कादंबरीत फ्लिंक्स नावाचा लाल केसांचा पोरका मुलगा उभा केला आणि २००९ च्या 'फ्लिंक्स ट्रान्सेन्डंट'मध्ये त्याची धावपळ संपवली. मोहिउद्दीन नवाब यांचा फरहाद अली तैमूर फेब्रुवारी १९७७ मध्ये कराचीच्या 'सस्पेन्स डायजेस्ट'मध्ये अवतरला आणि जानेवारी २०१० पर्यंत दर महिन्याला येत राहिला. 'देवता' या नावाची ही कथा पुढे ५६ खंडांत बांधली गेली. एकाला ३७ वर्षे लागली, दुसऱ्याला ३३.

मराठी वार्षिकात या दोघांचे काय काम, असे कुणी विचारील. आमचे उत्तर सरळ आहे. कोलाड, रोहा, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात ज्या घरातला एक तरी माणूस आखातात गेला, त्या घरात कधी काळी डायजेस्टची चळत होती. कपाटावर, माळ्यावर, उशाशी. आमच्या पिढीच्या हाती ती पाने पिवळी पडल्यावर आली, पण आली. गालिब आम्हाला शाळेने दिला, फरहाद आम्ही स्वतः मिळवला. उर्दू समीक्षकांनी 'देवता'ला दारात उभे केले नाही, कारण ती डायजेस्टमधली. मराठी समीक्षकांच्या कानावर ती गेली नाही, कारण ती उर्दूतली. ज्या पुस्तकाने हजारो घरांतल्या माणसांना रात्री जागवले त्याच्याविषयी दोन्हीकडे सामसूम असावी, हे बरे नव्हे. तरी या लेखात मुख्य चर्चा फ्लिंक्सच्या अखेरच्या खंडाची आहे. फरहादला शेजारी बसवल्यावर फ्लिंक्स अधिक नीट दिसतो, म्हणून दोघे एकत्र.

फ्लिंक्सची कथा न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. भविष्यकाळ. माणूस अनेक ग्रहांवर पसरला आहे. मॉथ नावाच्या ओल्या, थंड ग्रहावरच्या ड्रॅलर शहरात गुलामांच्या बाजारात एक पोर लिलावात निघते. मदर मॅस्टिफ नावाची एक तोंडाळ म्हातारी दुकानदारीण त्याला विकत घेते आणि आईच्या मायेने वाढवते. मुलाला एक विचित्र देणगी आहे: समोरच्याच्या मनातला भाव त्याला जाणवतो. राग, भीती, लोभ, माया. पिप नावाचा उडता विषारी साप त्याच्या खांद्यावर असतो आणि तो जवळ असला की ही देणगी बळावते. पुढे कळते की हे पोर म्हणजे एका बंदी घातलेल्या शास्त्रज्ञमंडळाचा प्रयोग आहे. या मंडळींनी सुधारित माणूस घडवण्याच्या नादात गर्भाशी खेळ केले, पकडले गेले, संपले; त्यांची 'निर्मिती' तेवढी मागे राहिली. सरकारला ती ताब्यात हवी आहे, गुन्हेगारांना ती वापरायची आहे, आणि काहींना ती नष्ट करायची आहे. म्हणून मुलगा पळतो. ग्रहामागून ग्रह पळतो. मधल्या खंडांतून त्याचा दुसरा शोध चालू असतो: बाप कोण? २००७ च्या 'पॅट्रिमनी'त त्याचे उत्तर मिळते आणि ते भयंकर आहे. बाप म्हणावा असा कुणी एक माणूसच नाही. तो जन्मला नाही, जुळवला गेला.

आमच्या मते या मालिकेचा जीव या एका गोष्टीत आहे. फ्लिंक्सने काही केले म्हणून तो फरारी नाही. तो जो आहे त्यासाठी फरारी आहे. गुन्हा हातून घडलेला नाही, रक्तात लिहिलेला आहे. ज्या देशात इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या आणि तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाल्यावरही पारध्याच्या पोराकडे पोलीस पाटील त्याच नजरेने पाहत राहिला, त्या देशातल्या वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. आम्हालाही लागले नाही. घर भाड्याने मागताना आडनाव सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जो अर्धा क्षण थांबतो, तो ज्याने पाहिला आहे त्याला फ्लिंक्सची देणगी थोडीफार मिळालेलीच असते.

आता फरहादकडे येऊ. दोघांच्या विद्येत एक फरक आहे आणि सारी गंमत त्यातच आहे. फरहादची विद्या विचारांची. मेणबत्तीच्या ज्योतीवर नजर ठरवून, म्हणजे शमाबीनी करून, त्याने ती कमावली. समोरच्याचा आवाज, त्याचा लबोलहजा एकदा कानात बसला की जगाच्या पाठीवर तो कुठेही असो, फरहाद त्याच्या डोक्यात शिरतो, त्याचे बेत वाचतो, त्याच्या हातून काम करवून घेतो. 'देवता'त या विद्येला 'खयालख्वानी' म्हणतात. शत्रू योगाचा जाणकार असला तर श्वास रोखून त्याला बाहेर हाकलतो. (मनात शिरू पाहणाऱ्याला नाक दाबून घालवता येते, ही नवाबसाहेबांची कल्पना आम्हाला लहानपणी फार आवडत असे. गणिताच्या तासाला आम्ही ती अमलात आणली आहे.) फ्लिंक्सला विचार वाचता येत नाहीत. त्याला फक्त भाव कळतो. समोरचा आपल्याला घाबरतो आहे एवढे कळते. का घाबरतो ते कळत नाही. त्यासाठी त्याला विचारावे लागते, बोलावे लागते, कधी त्या माणसाच्या घरी राहावे लागते.

विचार वाचणाऱ्याला दुसऱ्याची गरज उरत नाही. त्याला सगळे आयते कळते. म्हणून फरहाद कितीही माणसांच्या डोक्यात जाऊन आला तरी, आम्ही वाचलेल्या खंडांत तरी, जसा गेला तसाच परत येतो. दुसऱ्याच्या मनात त्याला बेत सापडतो, पत्ता सापडतो, तिजोरीचा आकडा सापडतो. स्वतःविषयीचे असे काही तो ऐकत नाही की ज्याने त्याची झोप उडावी. खयालख्वानी हे त्याचे हत्यार आहे, कान नाही. आमच्या सूफी परंपरेत याचा फार बारीक विचार झालेला आहे. ज्याला कश्फ झाला, दुसऱ्याच्या दिलातले दिसू लागले, त्याची पहिली जबाबदारी पर्दापोशीची: जे दिसले ते झाकायचे. टोहेगिरी तर आपल्याकडे मनाच आहे. फरहाद टोहेगिरीच करतो आणि वाचक त्यावर खूश असतो.

याचे कारण 'देवता'च्या वंशावळीत आहे. ती कादंबरी नव्हेच, दास्तान आहे. अमीर हम्जाच्या दास्तानीचे नवलकिशोर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे खंड काढायला सुरुवात केली आणि ते ४६ पर्यंत गेले. लखनौचे जाणकार दास्तानीची चार अंगे सांगत: रज्म म्हणजे युद्ध, बज्म म्हणजे मैफल, हुस्न-ओ-इश्क आणि अय्यारी म्हणजे चातुर्याची फसवाफसवी. ही चारही अंगे 'देवता'त शाबूत आहेत. फक्त अम्र अय्यारच्या झोळीच्या जागी टेलिपथी आली. दास्तानीला शेवटाची ओढ नसते. उलट कथा अडवून धरण्यात दास्तानगोचे कसब. आमच्या कुंडलिकेचे पाणी जसे रोज भिऱ्याच्या वीजघरातून हिशेबाने सुटते आणि त्यावर सकाळी तराफेवाल्यांचे पोट चालते, तसा महिन्याचा हप्ता सुटतो. पाणी संपावे असे कुणालाच वाटत नाही. त्यामुळे जानेवारी २०१० मध्ये 'देवता' संपली तेव्हा एक कथा पूर्ण झाली असे म्हणण्यापेक्षा एक लिहिता हात थांबला असे म्हणावे. नवाबसाहेब १९३० साली खरगपूरला जन्मले, फाळणीत पूर्व पाकिस्तानात गेले, १९७१ नंतर तिथूनही उठून कराचीला आले आणि २०१६ मध्ये तिथेच वारले. दोनदा घर सुटलेल्या माणसाने ३३ वर्षे न थकणारा, न हरणारा नायक लिहावा, हे समजण्यासारखे आहे.

पण समजणे वेगळे आणि माफ करणे वेगळे. 'देवता'त शत्रू हा कायम शत्रूच आहे, आणि पुष्कळदा तो सबंध कौमच्या कौम आहे. यहुदी म्हटला की कारस्थानी, हे तिथले गृहीत. सिनेमात दाढीवाला दिसला की बॉम्ब फुटणार, याविरुद्ध आम्ही याच वार्षिकाच्या पानांवर तक्रार करतो, ती बरोबरच आहे. मग आपल्या आवडत्या नायकाने दुसऱ्याच्या सबंध घराण्याला तोच रंग फासला तर तिथेही बोलले पाहिजे. मनात शिरता येणाऱ्या माणसाला शत्रूच्या मनात शत्रुत्वाखेरीज काही सापडू नये, यापरते त्या विद्येचे अपयश कोणते?

'फ्लिंक्स ट्रान्सेन्डंट'चा पहिला भाग आम्हाला मोलाचा वाटतो तो याच ठिकाणी. फॉस्टरच्या विश्वात माणसाचे मित्र आहेत थ्रँक्स नावाचे कीटकसदृश प्राणी. आधी माणसाला त्यांची किळस आणि त्यांना माणसाची. मग हळूहळू मैत्री, मग संयुक्त राज्य, दोघांच्या सोयीची एक मिश्र बोलीसुद्धा. (घरात कोकणी, शाळेत उर्दू, कचेरीत मराठी आणि मोबाइलवर तिन्हींची खिचडी अशा आमच्यासारख्यांना ही मिश्र बोली परकी वाटत नाही.) आणि शत्रू आहेत 'आन' नावाचे सरड्यासारखे, वाळवंटप्रिय, शिस्तीचे, साम्राज्यवादी लोक. पहिल्या खंडापासून आन म्हणजे खलनायक. अखेरच्या खंडात फॉस्टर आपल्या फरारी नायकाला कुठे नेऊन ठेवतो? आन साम्राज्याच्या मूळ ग्रहावर, ब्लासुसारवर. आनचे सोंग घेऊन, खोटी कातडी चढवून फ्लिंक्स त्यांच्या राजधानीत हिंडतो. तिथे एका तरुण आनला त्याचे सोंग कळते आणि तो त्याला पकडून देण्याऐवजी आसरा देतो.

ही पाने सावकाश वाचावीत. फ्लिंक्सला त्या तरुणाच्या मनातले शब्द कळत नाहीत. कुतूहल कळते, धास्ती कळते, थोडा गर्वही कळतो. बाकी सारे त्याला बोलून मिळवावे लागते. उष्ण, कोरडी घरे, वाळूत बसण्याची रीत, बोलताना हाताने करायच्या दर्जावार खुणा, आणि हे सगळे ज्यांचे आहे ते लोक आजवर आपल्याला मारायला निघालेले. इथे भावकी, मत्सर, मोठ्यांचा धाक, पोराची बंडखोरी असे सगळे घर भरलेले आहे. ३७ वर्षे ज्यांना लेखकाने फक्त दात आणि शेपट्या दिल्या होत्या, त्यांना जाता जाता त्याने बैठकीची खोली दिली. उशीर झाला, पण दिली. फरारी माणसाला लपायला जागा मिळाली ती शत्रूच्या घरात, हा या सबंध मालिकेतला सर्वांत शहाणा प्रसंग आहे.

मधला भाग भराभरा ओलांडला तरी चालेल. फ्लिंक्स आपल्या प्रेयसीकडे, क्लॅरिटीकडे परततो. ती आधीच्या एका खंडात जखमी झाली होती. विश्वाचा नाश व्हावाच अशा मताचा एक शून्यवादी पंथ त्यांच्या मागे लागतो. मारामाऱ्या आहेत, साप आहेत, दोन वृद्ध विद्वान, ब्रॅन त्से-मॅलरी हा माणूस आणि ट्रूझेनझुझेक्स हा थ्रँक्स, एकमेकांना टोमणे मारत सोबत आहेत. या म्हाताऱ्यांचे संवाद तेवढे चुकवू नयेत.

आणि मग शेवट. कित्येक खंडांपासून आकाशगंगेच्या दिशेने एक महाभयंकर अरिष्ट सरकत येते आहे आणि ते फ्लिंक्सच्या मनाला जाणवते आहे. ते थोपवायचे कसे? आधी एका लुप्त जमातीचे प्रचंड शस्त्र शोधायचे. ते पुरत नाही. मग त्याहून पुरातन अशा जमातीने ठेवून दिलेली यंत्रणा. खगोलशास्त्रज्ञ ज्याला महाआकर्षक म्हणतात, ज्याच्याकडे आपली आकाशगंगा व तिच्या शेजारणी ओढल्या जात आहेत, तीच ही यंत्रणा, अशी फॉस्टरची कल्पना. कल्पना भव्य आहे, नाकारण्यात अर्थ नाही. यंत्रणा चालू करायला फ्लिंक्सचेच मन हवे. तो ती चालू करतो. अरिष्ट टळते.

आमची तक्रार इथे आहे. ज्या मुलाला काही माणसांनी यंत्राचा भाग म्हणून घडवले, ज्याने १४ खंडांत मी वस्तू नाही, मी माणूस आहे एवढेच जगाला सांगितले, त्याला लेखकाने अखेर एका मोठ्या कुलपाची किल्ली केले. त्याच्यावर प्रयोग करणारे शास्त्रज्ञ जिवंत असते तर म्हणाले असते, बघा, आमचा प्रयोग यशस्वी झाला. फॉस्टरला हे दिसलेच नसेल असे म्हणवत नाही. पण त्याने ते पात्राच्या तोंडी येऊ दिले नाही. आकाशगंगा वाचली तेव्हा फ्लिंक्सला राग का येत नाही? आणि दुसरे असे की, ब्लासुसारवर जे साधले होते ते इथे काहीच उपयोगी पडत नाही. शत्रूच्या घरातले दिवस वजा केले तरी यंत्र तसेच चालले असते. ज्या भागाने पुस्तक मोठे केले तोच भाग कथानकाला नको होतो, ही रचनेची मोठी फट आहे.

त्याहून छोटा प्रश्न आम्हाला अधिक छळतो: नंतर काय? पाठलाग संपला. आता हा माणूस बाजारात जाणार, शेजारी राहणार, लग्नाला जाणार. प्रत्येकाच्या मनातली असूया, कीव, कंटाळा याला जाणवणार. याच्याने जगवेल कसे? अखेरचा खंड या प्रश्नाशी थबकत नाही, घाईत पुढे निघून जातो.

आठवीच्या वर्गात आम्ही ही गोष्ट सांगितली आणि विचारले, तुम्हाला अशी देणगी मिळाली तर काय कराल? एक मुलगा म्हणाला, परीक्षेत हुशार पोराशेजारी बसेन. त्याला समजावले की बाबा, तुला त्याचे उत्तर मिळणार नाही, त्याची धास्ती तेवढी मिळेल. वर्ग हसला. मागच्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. ती म्हणाली, मी एसटीत बसणार नाही. का? तर सगळ्यांचे ऐकू आले तर मधेच उतरायचे कुठे? फॉस्टरच्या शेवटच्या ५० पानांत या मुलीच्या प्रश्नाएवढे खोल काही नाही.

मराठीत याला जोड सापडत नाही, हे नोंदवून पुढे जातो. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी आपल्याच नावाची आद्याक्षरे उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली, तिथपासून २०२५ मध्ये ते गेले तोवरच्या मराठी विज्ञानकथेत नायकपद बहुतेक कल्पनेकडे राहिले, माणसाकडे कमी. कल्पना उलगडली की कथा संपते. तिला ३७ वर्षे पळावे लागत नाही. नारायण धारपांच्या समर्थांकडे अतींद्रिय शक्ती आहे, पण ते पळत नाहीत. पळणारे त्यांच्याकडे येतात. शक्तिमान आणि तरीही बेघर, असा नायक आम्हाला मराठीत हवा आहे. तो कुणा भटक्या विमुक्त किंवा मुस्लिम लेखकाच्या हातून आला तर नवल वाटणार नाही.

फ्लिंक्सचा अखेरचा खंड तसा अखेरचा ठरला नाही. २०१७ मध्ये फॉस्टरने 'स्ट्रेंज म्युझिक' लिहून त्याला पुन्हा बाहेर काढले. फ्लिंक्स आता कॅशलॉट नावाच्या, जवळपास सगळा समुद्रच असलेल्या ग्रहावर क्लॅरिटीबरोबर राहतो. वस्ती विरळ. एसटीत बसणार नाही म्हणणाऱ्या मुलीला हे उत्तर पटले असते. एका कामासाठी तो लार्जेस नावाच्या ग्रहावर जातो. तिथले लोक बोलत नाहीत, गातात. सुराविना उच्चारलेला शब्द त्यांच्या कानाला खडबडीत लागतो. कादंबरी किरकोळ आहे, कारस्थान ओळखीचे आहे, पण समोरच्याचा भाव आधीच कळलेल्या माणसाला शब्दासाठी मात्र सूर लावत बसावे लागते, हे पाहायला मजा येते.

ब्लासुसारवरची काही पाने वर्गासाठी उर्दूत उतरवण्याचे काम आम्ही हाती घेतले आहे. अडचण अनपेक्षित ठिकाणी आली. आन लोक प्रत्येक वाक्याबरोबर हाताची खूण करतात: पहिल्या दर्जाचा आदर, दुसऱ्या दर्जाची दिलगिरी, तिसऱ्या दर्जाचा उपहास. इंग्रजीत हे सगळे कोरडे, सरकारी परिपत्रकासारखे वाटते. उर्दूत लिहू लागलो तर कलम आपोआप आदाब, तस्लीम, कोर्निश असे दर्जे लावू लागले आणि ते सरडे एकदम चौकातल्या जुन्या लखनवी रईसांसारखे दिसू लागले. हे ठेवावे की काढावे, याचा निर्णय अजून झालेला नाही. मुलांनी मात्र पहिली चार पाने ऐकून विचारले आहे की आन लोक वाईट आहेत असे तुम्ही सांगितले होते, ते नक्की कोणत्या पानावर आहे?